यज्ञासाठी राखून ठेवलेली मेंढरं

प्रश्न: पाळकसाहेब, सलाम. माझं वय 28. मूळचा नगर जिल्ह्यातला, सध्या पुण्याजवळ बांधकाम साहित्याच्या एका फर्ममध्ये अकाउंट्स बघतो. चार महिन्यांपूर्वी मालकांनी माल न हलवता बिलं बनवायला सांगितली. ‘नुसती एंट्री टाकायची, बाकी आम्ही बघतो’ म्हणाले. आतापर्यंत सहा बिलं केली. आता हे दर महिन्याला होणार आहे आणि त्याचे वेगळे 15 हजार मिळणार आहेत. घराचा हप्ता चालू आहे, पत्नीला सातवा महिना लागलाय. धन्यांच्या आज्ञेत राहा असं पवित्र शास्त्रच सांगतं. नामानालाही रिम्मोनाच्या देवळात वाकायची मुभा मिळाली होती. मित्र म्हणतात, ॲडजस्ट कर. या वरच्या पैशातला नुसता दशांश नव्हे, अर्धा भाग मंडळीच्या कामाला द्यायचं मी ठरवलंय. हे चालेल का?

उत्तर:

सलाम. उत्तर आधी देतो, म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला लागायला नको. नाही, चालणार नाही. सातवं बिल करू नकोस.

पण एवढं सांगून मी उठलो तर तुझ्यावर अन्याय होईल, कारण तू विचारलंयस त्याच्या मागे बरंच काही आहे. मी तीस वर्षं मंडळ्या सांभाळतोय. त्याआधी सहा वर्षं कारखान्यात नोकरी केली. तुझ्यासारखी पत्रं मला येतात आणि बहुतेकांत एक वाक्य असतं, लिहिणाऱ्याला वाटतं की ते आपल्या बाजूचं आहे. तुझ्या पत्रातलं ते वाक्य म्हणजे अर्धा भाग मंडळीला द्यायचा. हप्ता, बाळंतपण, मालकाचा दबाव हे सगळं मी समजू शकतो. मला भीती वाटली ती त्या एका वाक्याची.

1 शमुवेलचा 15 वा अध्याय उघड. अमालेक्यांच्या त्या युद्धाबद्दल अवघड प्रश्न आहेत, त्यांवर कधीतरी निवांत बोलू. आज फक्त शौल राजाकडे बघ. सगळं नष्ट कर, काही राखू नकोस, अशी आज्ञा होती. शौलाने टाकाऊ तेवढं नष्ट केलं आणि चांगली मेंढरं, चांगले बैल राखले. आणि संदेष्टा शमुवेल समोर आला तेव्हा आपणहून म्हणाला, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. त्यावर शमुवेलाने विचारलं, मग माझ्या कानी येतं ते मेंढरांचं ओरडणं कसलं? तेव्हा शौलाने दिलेलं उत्तर नीट वाच. ही लोकांनी परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी राखलीत, असं तो म्हणतो. खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी राखली असं म्हणत नाही. म्हणजे जे आज्ञा मोडून हाती आलं, तेच तो देवापुढे ताटात घालून नेतोय. आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. त्या अध्यायात शौल शमुवेलाशी बोलताना तीनदा ‘तुझा देव परमेश्वर’ म्हणतो. ‘माझा देव’ एकदाही नाही.

‘यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे’ हे वाक्य आपल्या घरांत तसबिरीवर असतं, लहानपणी शब्बाथ शाळेत आपण ते पाठ केलेलं असतं. ते बोललं गेलं ते मात्र अर्पण द्यायला अगदी तयार असलेल्या माणसाला. हे विसरलं की त्या वाक्याची धारच जाते. ज्याला देवाची फिकीर नाही त्याला तडजोडीची गरज पडत नाही, तो सरळ करतो आणि झोपतो. तडजोड ही भक्ती असलेल्या माणसाची अडचण आहे. त्याला पापही हवं असतं आणि देवही, म्हणून तो दोघांमध्ये सौदा घडवून आणतो. तू तोच सौदा मांडलायस, साडेसात हजार घरी आणि साडेसात हजार मंडळीत.

आता नामान, संदेष्टा अलीशामुळे कोडातून बरा झालेला अरामी सेनापती. 2 राजे, 5 वा अध्याय. हा दाखला मला वर्षातून दोनदा तरी ऐकवला जातो, आणि सांगणारा नेहमी 19 व्या ओवीवर थांबतो. नामान काय म्हणाला होता ते बघ. माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो, माझ्या हाताचा आधार घेतो, तो वाकला की मलाही वाकावं लागतं. या गोष्टीची परमेश्वराने मला क्षमा करावी. पहिलं म्हणजे, यात चूक आहे हे तो स्वतःच्या तोंडाने म्हणतो आणि क्षमा मागतो, परवाना नाही. दुसरं, यात फसवणूक कोणाचीच नाही. धन्याला हात देणं ही त्याची चाकरी होती. परमेश्वराशिवाय दुसऱ्या देवाला यज्ञ करणार नाही, हे त्याने आधीच उघड सांगून टाकलं होतं. अलीशा त्याला ‘शांतीने जा’ म्हणाला, कारण तो नुकताच विश्वासात आलेला परदेशी होता, आपल्या देशी परत चालला होता.

तू मात्र पुढे वाच. तोच अध्याय, पुढचीच ओवी. अलीशाचा सेवक गेहजी नामानाच्या रथामागे धावतो आणि सांगतो, एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशातून संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी दोन तरुण आत्ताच आलेत, त्यांच्यासाठी एक किक्कार (त्या काळचं एक मोठं वजन) चांदी आणि दोन पोशाख द्या. थोडक्यात, तो सेवेच्या कामासाठी वर्गणी मागतो. नामान खुशीने दोन किक्कार देतो. घरी आल्यावर अलीशा विचारतो, कुठून आलास? आणि गेहजी म्हणतो, आपला दास कुठेच गेला नव्हता. ज्या कोडातून नामान मुक्त झाला होता, तेच घेऊन गेहजी त्या दारातून बाहेर पडतो. त्या अध्यायात तुझ्या परिस्थितीशी मिळताजुळता माणूस नामान नाही, गेहजी आहे. त्याच्याही हातात एक खोटं बिल होतं आणि त्यावर कारण म्हणून सेवाकार्य लिहिलेलं होतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण दुसऱ्या कोणी तुला हे सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

‘धन्यांच्या आज्ञेत राहा’ या मुद्द्यावर जास्त वेळ घेत नाही, कारण तुझ्याच मनाला तो पटलेला नाही. इफिसकरांस पत्रात ते शिक्षण आहे, कलस्सैकरांस पत्रातही आहे, आणि दोन्हीकडे शेवटी एक गोष्ट येते: धन्यालाही स्वर्गात धनी आहे. योसेफाने पोटीफराच्या घरचा सगळा कारभार मान खाली घालून पाहिला आणि एका जागी, धन्याच्या बायकोने मोहात पाडायला पाहिलं तेव्हा, नाही म्हटलं. तो नकार म्हणजे धन्याशी बेइमानी नव्हती, उलट त्या घरात धन्याशी इमान राखलं ते त्या एका नकारानेच. तुझ्या मालकाचंही तसंच आहे. माल न पुरवता बिल फाडणं हा जीएसटी कायद्याच्या कलम 132 खाली गुन्हा आहे. त्या बिलावर समोरचा इनपुट टॅक्स क्रेडिट उचलतो, म्हणजे न भरलेला कर सरकारकडून वळता करून घेतो. तो पैसा कोणाचा, हेही एकदा स्वतःला विचार. सरकारी दवाखान्यातली औषधं, तुझ्या गावचा रस्ता, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांची खिचडी अशाच पैशातून होते. ‘नुसती एंट्री’ कुठेच नसते. तुझं नाही ऐकून मालक आज चिडेल, पण त्याच्या सगळ्या ऑफिसात त्याचं भलं चिंतणारं उत्तर तेवढं एकच असेल.

प्रत्येक ठिकाणी ताठ उभं राहायचं, असा अर्थ मात्र यातून काढू नकोस. मी अशीही ख्रिस्ती माणसं पाहिलीत जी ऑफिसातल्या गणपतीची वर्गणी, शेजारणीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण, डब्यातला प्रसाद यावर घर डोक्यावर घेतात आणि त्याच टेबलाच्या खणात खोट्या प्रवासभत्त्याचे कागद असतात. पौलाने तीमथ्याची सुंता करवली, कारण त्या भागातल्या यहूद्यांपर्यंत पोहोचायचं होतं. तीताची मात्र करू दिली नाही, कारण तिथे सुंतेशिवाय तारण नाही असं कोणी लादू पाहत होतं. कृती तीच, माणूसही तोच, निर्णय उलटे. दानीएलाने बाबेलातलं नाव घेतलं, खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकला, राजाच्या चाकरीला राहिला. फक्त राजाच्या ताटातलं अन्न नाकारलं. शेजाऱ्याच्या प्रेमाखातर आपली सवय, आपली आवड, आपला मान सोडायचा असेल तर हवा तेवढा सोड, त्याला आपण सोसणं म्हणतो. खोटं बोलणं, चोरी, व्यभिचार, माणसाला हीन लेखणं, या गोष्टींत मात्र सोडण्यासारखं आपल्या मालकीचं काही नसतंच. ते देवाचं आहे, आणि दुसऱ्याच्या मालकीची वस्तू परस्पर देऊन टाकायचा अधिकार तुला कोणी दिलेला नाही.

आता माझं सांगतो. ही गोष्ट मी व्यासपीठावरून फार वेळा सांगितलेली नाही.

पाळकपणाचं शिक्षण घ्यायच्या आधी मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. भंगाराच्या गाड्या बाहेर पडताना वजनकाट्यावर मी उभा असायचो. वरच्या साहेबांनी सांगितलं, पावतीवर थोडं कमी लिहायचं. मी आठ महिने कमी लिहिलं. महिन्याला 300 रुपये पाकिटात यायचे. त्यातले पन्नास मी न चुकता दानपेटीत टाकत होतो आणि दर रविवारी शब्बाथ शाळेत मुलांना शिकवत होतो. एका रविवारी धडा आला आखानाचा, यहोशवा, 7 वा अध्याय. लुटीतला उंची झगा, चांदी, सोन्याची वीट त्याने आपल्या तंबूत जमिनीत पुरून ठेवली होती. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘सर, मग तो झगा त्याने घातला कधी?’

घातलाच नव्हता. घालणार तरी कुठे? सगळ्या छावणीने ओळखला असता. मला उत्तर देता येईना. माझ्या पत्र्याच्या पेटीत त्या पाकिटांतले बरेचसे पैसे तसेच पडून होते, बायकोला दाखवायची हिंमत झाली नव्हती. त्या रात्री तिला सांगितलं. दोन दिवसांनी कारखान्याच्या मोठ्या साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो, होतं ते पाकीट टेबलावर ठेवलं, उरलेलं पगारातून कापा म्हणालो. त्यांनी पगारातून कापलं नाही, मलाच कापलं. अकरा महिने मी घरी बसलो. सासऱ्यांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. पुढे नोकरी मिळाली ती पहिलीपेक्षा कमी पगाराची. आपल्या उपासनांत साक्ष देणारे सहसा सांगतात की एक दार बंद झालं आणि देवाने त्याहून मोठं दार उघडलं. त्यांच्या बाबतीत तसं झालंही असेल. माझ्या बाबतीत बराच काळ दार बंदच होतं. पण त्या आठ महिन्यांत मला प्रार्थना करता येत नव्हती आणि त्या अकरा महिन्यांत करता येत होती. मी तुला वचन देऊ शकतो ते एवढ्याचंच.

मूर्तीपुढे वाका, नाहीतर जळत्या भट्टीत टाकीन, असं बाबेलच्या राजाने धमकावलं तेव्हा शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो त्याला म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवू शकतो, आणि ‘तसं झालं नाही तरी’ आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. हे ‘तरी’ ते भट्टीत जायच्या आधी म्हणाले. भट्टीत चौथा कोणी दिसला तो नंतर. माणसं मला विचारतात, आज्ञा पाळली तर देव सांभाळेल ना? सांभाळेल. पण तू ज्याला सांभाळणं म्हणतोस तसंच सांभाळेल असं नाही.

तू सहा बिलं करून बसलायस, म्हणून तुला एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. फ्रान्झ येगरश्टेटर. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड नावाच्या खेड्यातला, जन्म 1907 चा. तरुणपणी काही फार सोवळा नव्हता, लग्नाआधीची एक मुलगी होती त्याला. 1936 मध्ये फ्रान्झिस्काशी लग्न झालं आणि दोघांचा विश्वास गहिरा होत गेला. मार्च 1938 मध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं, एप्रिलमध्ये त्यावर मतदान झालं, आणि त्या गावात विरोधी मत पडलं ते एकट्या फ्रान्झचं. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. मधला भाग सहसा कोणी सांगत नाही. 1940 मध्ये त्याला सैन्यात बोलावणं आलं तेव्हा तो गेला होता. शपथ घेतली, प्रशिक्षण घेतलं, शेतीच्या कामासाठी सूट मिळाली म्हणून 1941 मध्ये घरी परतला. सैन्यात जे पाहिलं त्यावर विचार करून मग ठरवलं, पुन्हा जायचं नाही. सगळ्यांनी समजावलं. आई, नातेवाईक, गावचे धर्मगुरू, इतकंच काय, तो लिंट्झच्या बिशपांना जाऊन भेटला तर त्यांनीही सांगितलं की तुझी जबाबदारी आधी तुझ्या कुटुंबाची आहे. घरी तीन लहान मुली होत्या. 1943 च्या मार्चमध्ये तो छावणीत हजर झाला आणि मी लढणार नाही असं सांगितलं. औषधपाण्याच्या पथकात चाकरी करायची तयारी दाखवली, ती मान्य झाली नाही. 9 ऑगस्ट 1943 ला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचं डोकं उडवलं. वय 36. त्याच्यामुळे युद्ध एक दिवसही आधी संपलं नाही. विधवेला गावाचे टोमणे सोसावे लागले आणि पेन्शन कित्येक वर्षं नाकारलं गेलं. 2007 मध्ये त्याच लिंट्झमध्ये कॅथलिक चर्चने त्याला धन्य घोषित केलं, तेव्हा 94 वर्षांची फ्रान्झिस्का तिथे हजर होती.

मी प्रोटेस्टंट पाळक आहे, धन्य घोषित करण्याची रीत आमच्याकडे नाही. पण या माणसाकडून मी एक शिकलो. एकदा शपथ घेतली, आता कशाला नाही म्हणायचं, असं तो म्हणाला नाही. आधी वाकलेला माणूस नंतर सरळ होऊ शकतो. सैतान आपल्याला आधी म्हणतो, एकदाच कर, काही बिघडत नाही. केल्यावर म्हणतो, आता केलंयस ना, आता तुला तोंड कुठे आहे? सहा बिलांनी सातव्याचा परवाना मिळत नाही. पेत्र प्रभूला तीनदा नाकारून बसला होता आणि चौथ्यांदा त्याला कोणी विचारलं ते खुद्द प्रभूने, समुद्रकाठी, कोळशाच्या विस्तवाशेजारी: माझ्यावर प्रीती करतोस काय?

आज्ञापालनाची मुळी त्या प्रश्नात आहे, आणि हे नीट समजलं नाही तर मी वर सांगितलेलं सगळं तुझ्या मानेवरचं जू होईल. देवाने आपल्याला पत्करावं म्हणून आपण आज्ञा पाळत नाही. ख्रिस्तात त्याने पत्करलंय, म्हणून पाळतो. प्रभूने ‘माझ्या आज्ञा पाळल्या तर मी तुमच्यावर प्रीती करायला लागेन’ असं शिष्यांना म्हटलं नाही. माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल, असं म्हटलं, आणि ते म्हटलं क्रूसावर जायच्या आदल्या रात्री, त्यांचे पाय धुऊन झाल्यावर. माझ्या मंडळीत एक बाई आहे. वीस वर्षांपूर्वी शाळेतून घरी आणलेल्या खडूच्या डब्यासाठी ती अजून रडते. तिला मी तुझ्या उलट सांगतो: आई, पुरे, क्षमा झाली, आता झोप. आज्ञा तीच, पण कोणाला जागं करायचं आणि कोणाला निजवायचं, हे पाहावं लागतं.

माणसांचा अधिकार आणि देवाची आज्ञा यांत गल्लत होते ती आपल्या चर्चमध्येही होते, म्हणून पंडिता रमाबाईंची आठवण देतो. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डीन आणि धर्माधिकारी त्यांना सांगत राहिले की चर्च शिकवतं ते मुकाट्याने मान. रमाबाईंनी पत्रांवर पत्रं लिहून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं होतं की एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवून मी दुसऱ्याचं मानेवर घ्यायला आले नाही. माझी विवेकबुद्धी देवाला बांधलेली आहे. ख्रिस्ताचं आज्ञापालन म्हणजे काय ते या बाईकडून शिकावं. म्हणून माझंही ऐक ते तपासून ऐक. मी चुकत असेन तर वचन काढून दाखव.

आणि वचन काढून दाखवायचंच झालं तर आमच्या मंडळ्यांना दाखवण्यासारखं खूप आहे. तुझ्या सहा बिलांपेक्षा मला जास्त छळतं ते हे, की तुला हा सौदा सुचला तो आमच्याकडे बघून. पैसा कुठून आला हे न विचारता आम्ही देणगी घेतो आणि संगमरवरी पाटीवर नाव कोरतो. मीही एकदा घेतली आहे. चर्चचं छप्पर गळत होतं, देणाऱ्याचा धंदा काय ते मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. सोयरीक जुळवताना ‘तुम्ही मूळचे कोण?’ असं आम्ही हळूच विचारतो, जणू बाप्तिस्म्याचं पाणी आजोबांच्या जातीपर्यंत पोहोचलंच नाही. हुंड्याला भेट म्हणतो. विश्वस्तमंडळाच्या खुर्च्यांसाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडतो आणि तारखेला जाताना प्रार्थना करून निघतो. ही सगळी शौलाचीच मेंढरं आहेत. तेव्हा तुझ्याकडे बोट दाखवायला मी बसलेलो नाही. तू सातव्या बिलाला नाही म्हणालास तर ते आमच्याही कामाचं आहे.

आता करायचं काय.

आधी पत्नीशी बोल, आजच. सातव्या महिन्यात तिला ताण नको म्हणून तू लपवलं असशील, पण तू रात्री जागतोस हे तिला कळत नसेल असं समजू नकोस. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोने एकमताने खोटं ठरवलं. तुम्ही दोघं एकमताने खरं ठरवा.

मग एखाद्या चांगल्या वकिलाला किंवा बाहेरच्या सीएला भेट, फर्मच्या नव्हे. झालेल्या सहा बिलांचं काय करायचं, तुझी जबाबदारी किती, हे मी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. क्षमा मिळाली म्हणजे हिशेब मिटला असं होत नाही. जकातदार जक्कयाच्या घरी प्रभू गेला तो त्याने परतफेडीचं नाव काढण्याआधी, पण प्रभू घरात आल्यावर तो स्वतः उठून उभा राहिला आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला. आतापर्यंत या कामाचे वरचे काही पैसे घेतले असशील तर ते वेगळे काढून ठेव. मंडळीत आणू नकोस. ते कुठे परत जायचे तेही त्या वकिलालाच विचार.

मालकाशी बोलताना दानीएलाची रीत धर. तो खोजांच्या सरदाराकडे गेला, नम्रपणे विनंती केली, त्याची अडचण ऐकून घेतली, मग कारभाऱ्याला म्हणाला, दहा दिवस परीक्षा घेऊन बघा. तूही एकांतात वेळ माग. वचनं ऐकवू नकोस, मालक पापी आहे असा सूर लावू नकोस. एवढंच म्हण: ‘साहेब, ही सहा बिलं मी केली, ती माझी चूक झाली. यापुढे माल हलल्याशिवाय माझ्या हातून बिल होणार नाही. वेगळे पैसे मला नकोत. बाकी वसुली, बँक, रिटर्न, जे सांगाल ते रात्री उशिरापर्यंत थांबून करीन.’ तो म्हणेल, मग दुसरा कोणी करेल. करू दे. मालवाहतुकीच्या ई-वे बिलावर कोणाच्या तरी गाडीचा नंबर टाकणारा हात तुझा नको, इतकंच आत्ता तुझ्या ताब्यात आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा त्याने त्यांना नाका सोडून जा असं सांगितलं नाही. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, असं सांगितलं. तेव्हा राजीनामा खिशात घेऊन जाऊ नकोस. पण दुसरीकडे अर्ज मात्र आजपासून टाकायला लाग, कारण बरेच मालक असं उत्तर फार दिवस ठेवून घेत नाहीत.

आणि तुझ्या मंडळीच्या पाळकांना सांग. लाज वाटेल. सांग तरीही. नोकरी गेली तर दोन-तीन हप्ते आणि बाळंतपणाचा खर्च हा तुझ्या एकट्याचा प्रश्न नाही, तो मंडळीचा आहे. ‘पापाशी तडजोड करू नका’ असा उपदेश करणाऱ्याने, तडजोड न केल्यामुळे ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याच्या दारी पीठ घेऊन गेलं पाहिजे. ते जमत नसेल तर उपदेश करू नये. माझ्या त्या अकरा महिन्यांत एका शिक्षकाच्या घरून दर शनिवारी ज्वारी यायची, कोणी पाठवली ते मला तीन वर्षांनी कळलं. तुझ्या पाळकांची हरकत नसेल तर मी त्यांच्याशी फोनवर बोलेन.

मालकाची वेळ कधीची मिळाली ते कळव. दिवस आणि वेळ दोन्ही लिही. त्या वेळी मी आणि माझी पत्नी घरी प्रार्थनेला बसू, आणि बाहेर आलास की आधी घरी फोन कर, मग मला.